बदली झालेल्या मॅडमसाठी स्टाफने शिवलेली गोधडी : एक प्रकरण

हे सगळं सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या, म्हणजे भरपूर पावसाच्या भागातल्या एका जिल्हा परिषद शाळेत घडलेलं आहे. मी त्याच स्टाफमध्ये, हिशोब आणि पिशव्या सांभाळायचं काम माझ्याकडे होतं त्यामुळे बहुतेक गोष्टी समोरच घडल्या. गावाचं नाव, माणसांची नावं दिलेली नाहीत, एकदोन तपशील मुद्दाम सैल ठेवलेत. असं काही करायचं कुणाच्या डोक्यात असेल तर कुठे कुठे अडतं ते कळावं म्हणून लिहितोय. शिवणकामाचे धडे यात नाहीत, ते आमच्यातल्या निम्म्या लोकांना अजूनही येत नाही.

पार्श्वभूमी

पहिली ते सातवीची शाळा, मुख्याध्यापक धरून नऊ शिक्षक, आणि पोषण आहार शिजवणाऱ्या दोन ताई. जाणाऱ्या मॅडम मूळच्या यवतमाळच्या. नोकरी इकडे लागली, लग्न झालं, मूल झालं, सासर माहेर दोन्ही तिकडेच आणि या इकडे, मिस्टर साताऱ्यात एका प्रायव्हेट कंपनीत. आंतरजिल्हा बदलीसाठी किती वर्षं फॉर्म भरत होत्या ते झेडपीच्या शिक्षकांना वेगळं सांगायला नको. शेवटी यादीत नाव लागलं. सगळ्यांना आनंद झाला आणि लगेच प्रश्न आला की आता द्यायचं काय.

आमच्याकडे निरोपाची पद्धत ठरलेली आहे, प्रत्येकी २५० रुपये काढायचे, बाईमाणूस असेल तर साडी, सर असतील तर ड्रेसपीस, सोबत विठ्ठल-रखुमाईची मूर्ती नाहीतर भिंतीवरचं घड्याळ. या मॅडमच्या घरी अशी तीन घड्याळं आधीच आहेत हे सगळ्यांना माहीत होतं. तेव्हा आमच्या सगळ्यात सीनियर बाई म्हणाल्या की सगळ्यांच्या कपड्यांची एक गोधडी करू, तिकडे गेल्यावर आपली आठवण राहील. एरवी अशा सूचनेवर व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन दिवस अंगठे येतात आणि विषय संपतो. यावेळी तसं झालं नाही कारण बाईंनी दुसऱ्याच दिवशी स्वतःच्या दोन साड्या पिशवीत घालून आणल्या.

अडचण काय होती

पहिली अडचण तारखेची. यादीत नाव लागलं म्हणजे लगेच माणूस सुटतो असं नाही, कार्यमुक्त करायचा आदेश वेगळा निघतो, तो आठ दिवसात निघेल की दोन महिन्यांनी हे कुणीच सांगू शकत नाही. म्हणजे काम किती दिवसात उरकायचंय हेच माहीत नव्हतं.

दुसरी, हे सगळं मॅडमपासून लपवून करायचं असं पहिल्याच मिनिटाला ठरलं. का ठरलं याचं उत्तर आजही कुणाकडे नाही, सरप्राईज असतं म्हणून सरप्राईज. त्यांना वगळून नवीन ग्रुप काढला. माझ्या मते पुढची जवळजवळ प्रत्येक भानगड या एका निर्णयातून आली, ते पुढे दिसेलच.

तिसरी, पावसाळा. आमच्याकडे आषाढ-श्रावणात रुमाल दोन दिवसात वाळत नाही आणि आम्ही पन्नासेक तुकडे धुऊन वाळवायला निघालो होतो.

आणि चौथी, जी बोलायला सगळे जरा कचरत होते, जुनं कापड भेट म्हणून द्यायचं का. आपल्याकडे जुने कपडे द्यायचे म्हणजे दान, ते वेगळ्या माणसांना देतात असा समज पक्का आहे. उलट बाजूने बघायला गेलं तर बाळाला दुपटं नेहमी जुन्याच सुती लुगड्याचं करतात कारण ते मऊ झालेलं असतं, आणि आईच्या साड्यांची गोधडी तर लोक हौसेने करून घेतात. एका मॅडमचं म्हणणं होतं की घरातलं जुनं वेगळं आणि बाहेरच्यांनी दिलेलं जुनं वेगळं, तिकडे सासूबाई काय म्हणतील. मुद्दा अगदीच चुकीचा नव्हता.

कोणते पर्याय होते

तयार गोधडी विकत घेणं हा सगळ्यात सोपा मार्ग होता, बचत गटाच्या स्टॉलवर चांगल्या मिळतात. पण मग ती स्टाफची कशी झाली, एवढ्या एका वाक्यावर तो पर्याय बाद.

स्वतः सगळ्यांनी बसून शिवायची, हा भावनेच्या भरात पुढे आलेला पर्याय. त्याचा हिशोब गणिताच्या सरांनी फळ्यावर मांडून दाखवला. गोधडी ५ फूट बाय साडेसात फूट धरली, आणि धावदोऱ्याच्या दोन ओळींमध्ये एक इंच अंतर ठेवलं, तर साठेक ओळी होतात, प्रत्येक साडेसात फुटांची, म्हणजे ४५० फूट शिलाई, मीटरमध्ये १३७ च्या आसपास, तीही तीन-चार थरांमधून सुई खालीवर करत. अर्ध्या इंचावर ओळी घेतल्या तर याच्या दुप्पट. फळ्यावरचा आकडा बघून दोन सर हळूच चहाला गेले.

शेवटी मधला मार्ग निघाला. तुकडे स्टाफने गोळा करून धुऊन कापायचे, बाजारच्या गावातल्या टेलरकडून ते मशीनवर जोडून वरचा थर तयार करून घ्यायचा, आणि हाताची शिलाई गावातल्या एका आजींना द्यायची ज्यांनी आयुष्यभर वाकळा म्हणजे गोधड्याच शिवल्यात. शिवाय प्रत्येकाने एकेक ओळ स्वतः घालायची.

आजींनी बाराशे सांगितले. आमच्यातल्या एकाने हजारला होईल का विचारलं तर आजी म्हणल्या, "तुमचा पगार कमी करा म्हणलं तर करशीला का?" बाराशे फायनल झाले आणि मला वाटतं अगदी योग्य झालं, डोळे आणि कंबर दोन्ही घालवणारं काम आहे ते. टेलर ३००, पाच मीटर मांजरपाट (जाडसर कोरं सुती कापड) ४००, दोरा-सुया १००, सगळे मिळून २०००, म्हणजे आठ जणांत प्रत्येकी २५०. दरवेळी काढतो तेवढेच.

जुनं की नवं याचा तोडगा बाईंनी काढला. पाठीला कोरा मांजरपाट लावायचा म्हणजे गोधडीत नवं कापड आहे असं कुणालाही सांगता येईल, आणि वरचे तुकडे वापरलेले पण न विरलेले. मांजरपाट धुतल्यावर चांगलाच आटतो, म्हणून तो कापायच्या आधी दोनदा गरम पाण्यातून काढला. त्याही आधी बाईंनी नव्या कापडाला हळदीचं बोट लावलं. तो पिवळा डाग एका कोपऱ्यात अजून आहे, दोन धुण्यांनी गेला नाही.

कापड गोळा करताना

१० इंचाचा चौकोन, सहा आडवे नऊ उभे, म्हणजे ५४ तुकडे. शिलाईत चारी बाजूंनी अर्धा अर्धा इंच जातो म्हणून ११ इंचाचा पुठ्ठ्याचा साचा केला. आठ जणांचे प्रत्येकी पाच धरले तर ४०, उरलेले १४ मुलांच्या गणवेशाचे घ्यायचे असं ठरत होतं.

गणवेशावरून चांगलीच चर्चा झाली. पहिला विचार होता की सातवीच्या मुलांकडून लहान झालेले शर्ट मागवू. एका सरांनी विरोध केला आणि ते बरोबर होते. आमच्याकडे लहान झालेला शर्ट फेकला जात नाही, धाकट्या भावाकडे जातो, आणि गुरुजींनी मागितलं म्हणल्यावर घरचे नाही म्हणणार नाहीत, वेळ पडली तर चांगला शर्टसुद्धा देतील. तेव्हा ते थांबवलं. त्याऐवजी कतरण शोधली. २०२४-२५ ला शासनाने एकाच कापडाचे गणवेश बचत गटांकडून शिवून घेतले होते ना, आकाशी शर्ट आणि गडद निळी पँट, त्यातलं काम आमच्या भागातल्या ज्या बायकांनी केलं त्यांच्यापैकी एकीकडे निळे तुकडे पोत्यात पडून होते. चौदा तुकडे तिथून निघाले, दोन ठिकाणी सांधून.

स्टाफकडून जे आलं ते मात्र बघण्यासारखं होतं. बायकांनी सुती साड्या, ओढण्या दिल्या. सरांनी टेरिकॉटचे, म्हणजे सुती-पॉलिस्टर मिश्र कापडाचे शर्ट दिले, कारण त्यांच्याकडे तेच होतं. आता सुती कापड आटतं आणि टेरिकॉट आटत नाही, दोन्ही शेजारी शेजारी शिवलं की पहिल्या धुण्यात सुती तुकडा ओढला जातो आणि शेजारचा फुगतो. त्यावर उपाय एवढाच की सुती कापड आधीच धुऊन जेवढं आटायचंय तेवढं आटवून घ्यायचं. टेरिकॉटच्या मागे सुती अस्तर लावलं, कारण नुसत्या टेरिकॉटमधून हाताची सुई काढताना आजी शिव्या घालत होत्या.

साडी कुठून कापायची यालाही डोकं लागतं हे मला नव्याने कळलं. खालची कड घासून विरलेली असते, पदर उन्हाने उडालेला असतो, सगळ्यात चांगलं कापड आतल्या खोचायच्या बाजूला मिळतं. प्रत्येक तुकडा खिडकीसमोर धरून बघायचा, पलीकडची झाडं दिसायला लागली की तो बाद.

मग रंग. हेडसरांच्या मिसेसनी आपल्याकडची एक मरून साडी फार प्रेमाने दिली होती. पांढरं फडकं ओलं करून तिच्यावर ठेवलं, वरून इस्त्री फिरवली, फडकं गुलाबी. मिठाच्या पाण्यात ठेवलं, तुरटी घातली, जो येईल तो नवीन घरगुती उपाय सांगून गेला आणि ती साडी प्रत्येक पाण्याला रंग सोडतच राहिली. शेजारी आकाशी गणवेश येणार होता. पर्याय दोनच, एकतर तशीच लावून नशिबावर सोडायचं, नाहीतर वहिनींना जाऊन सांगायचं. दोन दिवस कोणी सांगायचं यावर गेले, शेवटी बाई गेल्या, वहिनी म्हणाल्या अहो मग आधी नाही का सांगायचं आणि दुसरी हिरवी काढून दिली. एवढंच होतं ते.

वाळवणं हा वेगळाच ताप. मॅडमना दिसू नये म्हणून तुकडे वर्गात न वाळवता स्टोअररूममध्ये दोरीवर टाकले, तिथे हवा नाही, तिसऱ्या दिवशी कुबट वास. परत धुतले, अर्धवट वाळल्यावर इस्त्री मारून कोरडे केले. व्हरांड्यात टाकले असते तर ही दुसरी फेरी लागली नसती, व्हरांडा वाऱ्याचा आहे. पण सरप्राईज.

ज्यांना विचारलंच नव्हतं

स्टोअररूममध्ये तांदळाची पोती असतात. तिथे दिवसातून चार वेळा कोण जातं, तर पोषण आहाराच्या ताई. त्यांनी तिसऱ्या दिवशीच विचारलं, "कुणाची वाकाळ करताय?" आणि सांगितल्यावर थोरल्या ताई म्हणाल्या, "मग आमचं लुगडं चालत न्हाई व्हय?"

यादी करताना स्टाफचा व्हॉट्सॲप ग्रुप समोर धरून केली होती आणि ताई त्या ग्रुपवर नाहीत. कारण एवढंच होतं, पण समोरच्याला ते एवढंच वाटत नाही. जाणाऱ्या मॅडमचा डबा वर्षानुवर्षं याच ताईंच्या चुलीवर गरम झालेला, दोघींची मुलं मॅडमच्या हाताखाली शिकलेली. तोपर्यंत ५४ च्या ५४ तुकडे कापून झाले होते.

इथे तीन गोष्टी करता आल्या असत्या. कुणाचे तरी दोन तुकडे काढून ताईंचे घालायचे, आणखी एक ओळ वाढवायची म्हणजे गोधडी आठ फुटांच्या पुढे गेली असती, किंवा गोट. गोधडीला चारी बाजूंनी जी पट्टी लागते तो गोट आम्ही बाजारातून आणणार होतो. घेर ३०० इंच, म्हणजे २५ फूट. पाचवारी साडीची लांबी १८ फूट असते, तीन इंचाच्या दोन पट्ट्या उभ्या कापल्या की गोट निघतो आणि साडी उरते पण. थोरल्या ताईंची जांभळी आणि धाकटीची मोरपंखी, दोघींची एकेक पट्टी घेतली. एक सर म्हणाले की हे बरं दिसत नाही, ताईंना कडेला बसवलं असं होईल. थेट ताईंनाच विचारलं तर म्हणाल्या, "मधी काय न् कडंला काय, धुवायला जड करू नका म्हंजे झालं."

मला स्वतःला तो गोट गोधडीतला सगळ्यात देखणा भाग वाटतो. तरी पहिल्या दिवशी विचारलं असतं तर त्यांना हवे तिथले तुकडे मिळाले असते, तेही खरं.

पिवळी साडी

आता यातली अवघड गोष्ट. आमच्या शाळेत आधी एक मॅडम होत्या, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत त्या गेल्या. जाणाऱ्या मॅडमची आणि त्यांची जोडी होती, एकत्र येणं जाणं, एका खोलीत भाड्याने राहिलेल्या. गोधडीची गोष्ट त्यांच्या मिस्टरांच्या कानावर गेली आणि ते एका संध्याकाळी फिक्या पिवळ्या रंगाची सुती साडी घेऊन आले. म्हणाले, बघा उपयोग झाला तर, नाही झाला तर परत द्या.

स्टाफमध्ये सरळ दोन तट पडले. काहींना वाटलं की यापेक्षा मोठी भेट असूच शकत नाही. काहींना वाटलं की गेलेल्या माणसाचं वस्त्र आनंदाच्या प्रसंगी, नव्या जागी जाताना देऊ नये. यात अंधश्रद्धा किती आणि काळजी किती हे वेगळं करणं अवघड आहे. बाई स्वतः दुसऱ्या बाजूच्या होत्या आणि त्यांचा मुद्दा मला पटला होता, त्या म्हणाल्या की निरोपाच्या कार्यक्रमात सगळ्यांसमोर घडी उलगडली आणि ती साडी अचानक दिसली तर त्या पोरीचं काय होईल याचा विचार केलाय का कुणी.

मग पर्याय असे निघाले. साडी न वापरता परत द्यायची. वापरायची आणि सांगायचं नाही, हे कुणालाच पटलं नाही. वापरायची आणि देताना सांगायचं. नाहीतर आधीच विचारायचं, म्हणजे सरप्राईज गेलं. मधला उपाय म्हणून मॅडमच्या मिस्टरांना फोन केला, त्यांनी दोन मिनिटं ऐकून घेतलं आणि म्हणाले हे मी नाही ठरवू शकत, तिलाच विचारा.

विचारलं. बाईंनीच, मधल्या सुट्टीत, ऑफिसात दार लोटून. मॅडम बराच वेळ काही बोलल्या नाहीत असं बाईंनी नंतर सांगितलं. मग म्हणाल्या की साडी हवी, पण वर दिसायला नको, आत घाला. आणि कापू नका. आणि मग, "काहून लपवलं तुम्ही एवढे दिवस, मी बी बसले असते ना कापायला."

न कापता आत घालायची हे बोलायला सोपं. साडीचा पन्हा ४५ इंच, गोधडी ६० इंच रुंद. आजींनी त्याचा मार्ग काढला, साडी लांबीत मधोमध दुमडली, ती झाली नऊ फूट, जादाची टोकं आत परतून साडेसात फुटांवर आणली, आणि एका बाजूला जी १५ इंचाची जागा उरली तिथे बाईंच्या साडीची दुहेरी पट्टी जोडली. वरचा जोडलेला थर, दुहेरी साडी, खाली मांजरपाट, असे चार थर झाले. आमचा आधीचा विचार तीन थरांचा होता, कारण यवतमाळला मे महिन्यात पारा ४३-४४ ला जातो, तिथे जाड वाकळ देऊन काय उपयोग. पण या वेळी विचारता येत होतं म्हणून विचारलं. मॅडम म्हणाल्या थंडीत तिकडे रात्री चांगलाच गारवा असतो, उन्हाळ्यात खाली अंथरीन, चार चालतील.

ज्या प्रश्नावर आम्ही आठवडाभर अंदाज लावत होतो तो एका वाक्यात मिटला.

शिलाई

चार थर सुरकुती न पडता पसरायला सपाट, कोरडी जागा लागते. आजींच्या घरात तेवढी मोकळी जमीन नाही आणि अंगणात पाऊस. रविवारी तिसरीच्या वर्गातली बाकं बाहेर काढून तिथे पसरलं, थर ताणून कच्चे टाके घातले, मगच गुंडाळून आजींकडे गेली. कच्च्या टाक्यांचा कंटाळा करू नये, ते विरळ पडले तर शिवताना आतला थर सरकतो आणि मग कुठे गोळा तर कुठे पोकळ.

आजी कडेपासून सुरू करतात आणि चौकोनात फिरत फिरत मध्यावर येतात. एकेक ओळ स्टाफने घालायची असं जे ठरलं होतं ते पार पाडलं गेलं, म्हणजे फोटो निघाले. प्रत्यक्षात तीन जणांच्या ओळी इतक्या नागमोडी होत्या की आजींनी त्या रात्री उसवून परत घातल्या आणि हे आम्हाला त्यांच्या नातीकडून कळलं. हेडसरांची ओळ राहिली, ती सरळ होती, ते आधी होमगार्डमध्ये होते त्याचा काही संबंध असेल तर माहीत नाही.

नावं भरतकामात घालायची का यावर थोडा वेळ गेला. ५४ ठिकाणी भरतकाम कोण करणार, म्हणून एका मॅडमने कागदावर गोधडीचा नकाशा काढला, कुठला तुकडा कुणाचा, आणि तो लॅमिनेट करून घेतला. हे करायलाच हवं असं माझं मत झालंय, पाच वर्षांनी निळ्या चौकड्याचा शर्ट कुणाचा होता हे देणाऱ्यालाच आठवत नाही.

आदेश आला तेव्हा

गुरुवारी दुपारी कार्यमुक्तीचा आदेश आला, शनिवारी सोडायचं. गोधडीचा मधला दोन फूट बाय चार फूटचा भाग बाकी होता.

पटापट पर्याय निघाले. टेलरकडे नेऊन मधला भाग मशीनवर मारून घ्यायचा, तर टेलरने हात लावून बघितला आणि नको म्हणाला, साध्या मशीनच्या पायाखाली चार थर ओढले की वरचा थर पुढे सरकतो आणि चुण्या पडतात. ओळींमधलं अंतर दोन इंच करून लवकर उरकायचं, ते आजींनी उडवून लावलं. रात्री बसून पूर्ण करायची, तर पावसाने लाइट जात होती आणि आजींनी स्वच्छ सांगितलं की मला रातीचं दिसत न्हाई. सुनेला बसवा म्हणून कुणीतरी सुचवलं, सुनेने बसायचं की नाही हे सुनेला कुणी विचारलं नव्हतं, तो विषय तिथेच थांबवला. अर्धवट देऊन टाकायची, की मागाहून पार्सल करायची.

आतापर्यंत लपवायचं काही उरलं नव्हतं म्हणून मॅडमनाच विचारलं काय करू. त्या म्हणाल्या एवढी घाई कशाला, मी एकटीच चाललेय हजर व्हायला, घरचं सगळं सामान दिवाळीच्या सुट्टीत टेम्पोने जाणारे, मुलाची सहामाही झाल्यावर.

हे ऐकून आम्ही एकमेकांकडे बघत बसलो. महिनाभर जी शर्यत चालली होती ती आमची आम्हीच लावली होती, टेम्पोचं मॅडमच्या घरी आधीच ठरलं होतं.

शनिवारी निरोपाचा कार्यक्रम झाला. हेडसरांनी शाल-श्रीफळ दिलं, ते शाळेतर्फे असतंच. गोधडी तशीच, मध्ये कच्चे टाके असलेली, टेबलावर उलगडून ठेवली. मॅडमनी नकाशा हातात घेऊन एकेक तुकडा शोधला, मुलांनीही गर्दी केली. मधला भाग त्यांनी एकदा हाताने दाबून बघितला. मग गोधडी परत आजींकडे.

शेवटी काय झालं

दिवाळीच्या आत पूर्ण झाली. आजींच्या घरी चूल आहे त्यामुळे तिला धुराचा वास बसला होता, ऑक्टोबरचं ऊन सापडल्यावर चार दिवस उलटसुलट टाकून तो बराचसा गेला. वजन पावणेदोन किलोच्या आसपास. टेम्पोत ती गादीच्या आत गुंडाळून गेली.

पहिल्या धुण्यानंतर मॅडमनी फोटो पाठवले. रंग कुठलाही उतरला नाही. हिरव्या साडीचा एक तुकडा शिलाईजवळ विरला, तो आम्ही खिडकीसमोर धरला नव्हता बहुतेक, घाईत बदललेला होता ना. त्यांच्या सासूबाईंनी त्यावर ठिगळ लावलं, स्वतःच्या साडीचं. जुने कपडे दिले म्हणून त्या नाराज होतील अशी आमच्याकडे काळजी होती, त्यांची तक्रार वेगळीच निघाली, गोधडी मोठी झाली, बादलीत मावत नाही. ताईंनी जे धुण्याचं सांगितलं होतं ते आम्ही हसण्यावारी नेलं होतं.

परत करायची वेळ आली तर

आमच्या स्टाफमध्ये यावर एकमत नाही. दोन मॅडमचं अजून म्हणणं आहे की सरप्राईज हवंच, पूर्ण झालेली गोधडी अचानक समोर आली असती तर मजा वेगळी होती. मला ते पटत नाही. साडी विकत घेताना लपवलं तर काही बिघडत नाही, पण महिनाभर चालणारी, दहा घरांतून कापड येणारी, माणसाच्या अंथरुणात जाणारी वस्तू असेल तर किती जाड, केवढी, कधीपर्यंत, आणि कुणाचं कापड आत असलेलं चालेल हे त्या माणसालाच माहीत असतं. पिवळ्या साडीने आम्हाला विचारायला भाग पाडलं. ती आली नसती तर तीन थरांची, घाईत संपवलेली, ओळी दोन इंचावर गेलेली गोधडी दिली असती आणि मॅडम काही बोलल्याही नसत्या.

आकार मात्र नक्की कमी करायचा. चार बाय सहा फूट पुरे, तुकडे दोन-तृतीयांशावर येतात आणि धुवायला सोपी. पावसाळ्यात कापड धुवायला काढायचंच नाही, फार तर गोळा करून ठेवायचं. टेरिकॉट आलंच तर सरळ नको म्हणायचं, सरांकडे एखादा सुती लुंगी-टॉवेल असतोच. आणि यादी ग्रुप बघून न करता शाळेत सकाळी कोण कोण येतं ते बघून करायची.

हा अनुभव किती उपयोगाला येईल माहीत नाही, कारण पुढच्या यादीत आमच्या सातवीच्या सरांचं नाव लागेल असं दिसतंय आणि त्यांनी आत्ताच ग्रुपवर टाकून ठेवलंय की मला गोधडी नको, पाच लिटरचा कुकर चालेल. खाली बाईंनी विचारलंय, गॅसचा की इंडक्शनचा.